सल्ला उद्योजकांना : दीड हजारासाठी ऑपरेटर का जातो?

प्रश्न : भोसरीत आमचं सीएनसी टर्निंगच्या (संगणकावर चालणाऱ्या लेथच्या) जॉबवर्कचं युनिट आहे, २४ कामगार. ऑपरेटर तयार झाला की आठ-दहा महिन्यांत शेजारच्या शेडमध्ये दीड हजार जास्त मिळतात म्हणून जातो. सगळ्यांना सरसकट दोन हजार वाढवले तर गळती थांबेल का?

उत्तर : सरसकट वाढवू नका. ते दीड हजार येतात कुठून, हे आधी पाहा. समजा तुमच्याकडे पगार १८,००० आहे, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) १५,०००. पीएफचे १,८००, ईएसआयचे (कामगार विम्याचे) १३५ आणि व्यवसाय कराचे २०० कापून हातात पडतात १५,८६५. शेजारचा काही न कापता १७,५०० रोख देत असेल, तर ऑपरेटरला १,६३५ जास्त दिसतात. पण त्याचे १,८०० आणि तुमचे १,८०० असे पीएफ-पेन्शनमध्ये जाणारे ३,६०० बंद होतात, शिवाय ईएसआयचा दवाखाना सुटतो. हा हिशेब त्याला कुणी मांडून दाखवलेला नसतो. पगाराच्या दिवशी त्याच्याच मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून दाखवा.

आता तुमच्या हजेरीपटाकडे वळा. प्रत्येकाची रुजू झाल्याची तारीख, आजचा पगार आणि आज गेटवर आलेल्या नव्या माणसाला तुम्ही देऊ केलेला पगार, हे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. तीन वर्षांचा माणूस १८,००० वर आणि नवा १८,५०० वर, असं दिसलं तर गळतीचं मूळ तिथेच आहे. नव्याचा आकडा शॉपमध्ये दोन दिवसांत सगळ्यांना कळतो. वाढीचे पैसे आधी इथे घाला. सरसकट वाढीत ही तफावत तशीच राहते आणि जुन्याचा राग कायम राहतो.

मग टप्पे ठरवा : नुसता पार्ट लोड-अनलोड करणारा, माप घेऊन ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) देणारा, ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग करणारा. प्रत्येक टप्प्याचा दर भिंतीवर लावा आणि चाचणीची तारीखही लिहा. ‘पुढे बघू’ या उत्तरावर माणूस थांबत नाही.

एक रेघ मात्र सांभाळा, २१,०००ची. ओव्हरटाइम सोडून पगार त्यापुढे गेला, की चालू सहामाही संपल्यावर ईएसआय बंद होतो. २०,८०० चे २१,३०० केलेत तर वाढ ५०० ची, आणि घरच्यांचा दवाखाना गेला. रेघेच्या आत तरी थांबा, नाहीतर मेडिक्लेम काढून देऊन चांगली मोठी उडी द्या.

खर्चाची धास्ती वाटत असेल तर हे पाहा. मशीनचा ताशी दर ४०० धरला आणि गेलेल्याच्या जागी आलेला नवा माणूस २० दिवस रोज दोन तास मागे पडला, तर १६,००० गेले. तुटलेले इन्सर्ट (कापणारी टोकं) आणि रिजेक्शन वेगळंच. महिना १,५०० ची वाढ वर्षाला होते १८,०००, म्हणजे जवळपास तेवढीच.

प्रश्न : दिवाळीचा बोनस घेऊन काही जण परततच नाहीत. बोनस थोडा राखून ठेवावा का?

उत्तर : नाही. पात्र कामगाराचा किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याने त्याचा हक्क आहे, तो अडवून माणूस टिकत नाही. टिकण्यासाठी द्यायची रक्कम वेगळी ठेवा, जानेवारीच्या पगारासोबत द्या आणि रुजू होतानाच लिहून द्या.