डूला बदलू की राहू दे? – ३४व्या आठवड्यातल्या प्रश्नाला उत्तर

तुझा प्रश्न नीट वाचला. पहिलंच बाळंतपण, ३४वा आठवडा, पाचव्या महिन्यापासून एकच डूला (बाळंतपणात सोबत करणारी, धीर देणारी बाई), आणि हल्ली तिची भेट ठरली की पोटात गोळा येतो. ती मेसेजला दोन-दोन दिवस उत्तर देत नाही. एपिड्युरलचं (कळांच्या वेदना कमी करायला पाठीतून देतात ते औषध) विचारलंस की "तुला लागणारच नाही गं" म्हणून विषय संपवते. गरोदरपणात साखर वाढल्यामुळे डॉक्टर ३९व्या आठवड्यात कळा सुरू करायचं म्हणताहेत, तर "त्यांना घाईच असते, तू जाऊच नकोस" असं सांगून मोकळी झाली. नवरा म्हणतो, पैसे भरलेत, आता शेवटच्या टप्प्यात कशाला बदलायची.

मी बरीच वर्षं हेच काम करते, त्यामुळे आधी माझ्याच व्यवसायाची मर्यादा सांगते. डूला तपासणी करत नाही, बाळाचे ठोके ऐकत नाही, बीपी घेत नाही, औषध देत नाही. कळा कधी सुरू करायच्या, हे ठरवणंही तिचं काम नाही. साखर नुसत्या आहारावर आटोक्यात आहे की इन्सुलिन लागतंय, बाळाचं वजन किती भरतंय, गर्भजल किती आहे, बीपी कसं आहे, हे सगळं बघून तारीख ठरते. तिच्यापुढे तुझे रिपोर्ट नाहीत, आणि असते तरी त्यांवर निर्णय देण्याचा तिला अधिकार नाही. तिने म्हणायला हवं होतं, "डॉक्टरांना विचार ना, ३९वाच आठवडा का, थांबलं तर धोका काय, आणि थांबायचं ठरलं तर बाळावर लक्ष कसं ठेवणार?" प्रश्न तयार करून देणं, हवं तर तुझ्याबरोबर येऊन बसणं, हे आमचं काम. "जाऊच नकोस" हे आमचं काम नाही. तुझ्या तिन्ही तक्रारींत मला हीच सगळ्यात गंभीर वाटते.

एपिड्युरलचं जरा सविस्तर लिहिते, कारण इथे बऱ्याच जणी गप्प बसतात. बाळंतपणात सतत सोबत असण्याचा फायदा खरा आहे. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) २६ अभ्यास आणि १५ हजारांहून जास्त बायका होत्या. ज्यांना अखंड सोबत मिळाली त्यांच्यात नॉर्मल प्रसूतीचं प्रमाण जास्त होतं, सिझेरियन कमी, कळांचा काळ थोडा कमी, वेदनाशामकं कमी लागली आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट गेला असं सांगणाऱ्याही कमी होत्या. काही डूला यातला वेदनाशामकांचा भाग तेवढा उचलतात आणि तेच आपलं ध्येय करून बसतात. औषध कमी लागणं हा सोबतीचा परिणाम आहे. त्यासाठी बाईवर दबाव टाकायचा, असं त्यातून अजिबात निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींतही सोबत कोणाची, तर बाळंत होणाऱ्या बाईच्या पसंतीची, असं स्पष्ट म्हटलंय.

पसंतीला एवढं महत्त्व आहे, कारण माणूस बिचकलेला, सावध असला की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, आणि ते ऑक्सिटोसिनच्या आड येतं. ऑक्सिटोसिनवर तर कळा चालतात. माझ्याकडे दुसऱ्या खेपेला आलेल्या एकीने पहिल्या वेळचं सांगितलं होतं. तिला एपिड्युरल हवं होतं, पण डूला पायाशी उभी होती. म्हणून तिने भिंतीकडे तोंड केलं आणि सिस्टरच्या कानात सांगितलं. कळा चालू असताना तिला आपल्याच सोबतिणीपासून तोंड लपवावं लागलं. तुझ्या डूलासमोर "मला आता सहन होत नाहीये, एपिड्युरल द्या" असं मोठ्याने म्हणतेयस, असं एकदा डोळ्यांपुढे आणून बघ. जीभ अडखळली, तर ते हलक्यात घेऊ नकोस.

उशिरा उत्तर येण्याचं मात्र मी एवढं मनावर घेणार नाही. तिच्या हाताशी दुसरं बाळंतपण असेल, घरी काही असेल. हे बोलून सुटतं. साधारण ३८ ते ४२ आठवडे डूला रात्री-अपरात्री हजर राहायला बांधील असते. तुझ्याशी तसं ठरलंय का? तुझ्याच तारखेच्या आसपास आणखी किती जणी आहेत? ती अडकली तर बदली कोण येणार, आणि त्या बाईला तू आधी भेटू शकतेस का? याची उत्तरं थेट मागून घे. आणि तोवर एक पक्कं लक्षात ठेव. रक्तस्राव, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधुक होणं, यातलं काहीही झालं तर तिच्या मेसेजची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

मग करायचं काय? याच आठवड्यात तिच्याशी एकदा बोल, समोर बसून. जमलंच नाही तर व्हिडिओ कॉलवर, पण मेसेजवर नको. एवढंच म्हण: "एपिड्युरलचा निर्णय मी त्या वेळी घेईन आणि घेतला तर मला तुझी साथ हवी आहे. कळा सुरू करण्याबद्दल मी डॉक्टरांशी बोलणार आहे, त्यात तू मत देऊ नकोस." मग गप्प राहून ऐक. चांगली डूला थोडी वरमेल, विचारेल, "माझं काय खटकलं?" आणि पुढच्या भेटीत वागणं बदललेलं दिसेल. "मी इतकी बाळंतपणं पाहिलीत" असं सुरू झालं, किंवा तुला बाजूला ठेवून ती नवऱ्याला पटवायला लागली, तर बदल. डॉक्टरांबद्दलचं ते बोलणं तिने स्पष्टपणे मागे घेतलं नाही, तरी मी बदलायलाच सांगेन.

आता दुसरी बाजू. कधी कधी अस्वस्थता डूलाची नसते, बाळंतपणाचीच भीती तिच्यावर चिकटलेली असते. डॉक्टरांकडे जातानाही तसाच गोळा येतो का, ते बघ. आणि "ठरवलेलं सगळं ऐनवेळी बदलू शकतं" असं तोंडावर सांगणारी डूला नावडली, तरी ती वाईट नसते. तुझ्या बाबतीत मात्र तसं वाटत नाही, कारण तू नेमकी वाक्यं लिहिली आहेस.

३४वा आठवडा म्हणजे उशीर झालेला नाही. ३७व्या-३८व्यातही बायका बदलतात, आणि सूर जुळले तर नव्या डूलाबरोबर दोन निवांत भेटी पुरतात. डॉक्टर ३९वा म्हणताहेत, तेव्हा शोध मात्र लगेच सुरू कर. पैशांसाठी करार काढून वाच. आगाऊ रक्कम बहुतेक परत मिळत नाही, पण न झालेल्या कामाचे पैसे मागता येतात. नवऱ्याला पैशांपेक्षा वेगळं विचार: "त्या खोलीत तिला 'जरा बाहेर थांबा' म्हणायची वेळ आली, तर तू म्हणशील का?" त्याला उत्तर द्यायला वेळ लागला, तर तुझी काळजी त्याच्याही लक्षात येईल.

नवी मिळालीच नाही, तर त्यालाच तयार कर. हॉस्पिटलमध्ये किती जणांना आत सोडतात ते आधी विचारून ठेव. कळ आली की त्याने तळहाताचा मनगटाजवळचा भाग तुझ्या माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर ठेवून एकसारखा दाब द्यायचा, कळ ओसरली की सोडायचा. किती जोर हवा ते तू सांगायचंस, आणि हात नकोसा झाला तर त्याने निमूट बाजूला घ्यायचा. रोज पाच मिनिटं सराव करा.