वाचकांचे प्रश्न : भूगोलाचा तास, मोबाईल आणि गावामागचा माळ

शाळेत भूगोल शिकवताना मोबाईल, उपग्रहचित्रं, ऑनलाइन नकाशे कसे वापरायचे यावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आणि मेल मिळून इतकं आलंय की सगळं घेणं शक्य नाही, त्यातले जे बऱ्याच जणांच्या कामाचे वाटले ते इथे घेते. नावं छापू नका असं अनेकांनी कळवलंय, म्हणून कुणाचंच देत नाही, फक्त गाव किंवा तालुका.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची माध्यमिक शाळा आहे. एक टीव्ही आहे, नेट कधी असतं कधी नसतं, फोन म्हणाल तर माझा एकच. दहावीला क्षेत्रभेट घ्यायची तर एसटीचा खर्च पालकांना झेपत नाही. अशात डिजिटल भूगोल आमच्यासारख्यांनी करायचा कसा? आणि गावात तर बघण्यासारखं काहीच नाही. (शिक्षक, माण तालुका)

उत्तर : सर, नमस्कार. तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते कारण तिथं मला अजिबात पटत नाही. माण तालुक्यात बघण्यासारखं नाही असं कसं म्हणता! २०१६ ते २०१९ या वॉटर कपच्या, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेच्या वर्षांत तुमच्या भागातल्या गावागावांत माळावर आणि डोंगरउतारावर लोकांनी श्रमदान करून सलग समतल चर खोदलेत, तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आईवडिलांनीच उन्हात कुदळ-फावडं चालवलंय. आता आपण वर्गात समोच्च रेषा, म्हणजे एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवतो तेव्हा काय होतं, फळ्यावर वेटोळी काढतो, १००, २००, ३०० लिहितो, पोरं वहीत उतरवून घेतात आणि बहुतेकांना ती डोंगराला गुंडाळलेली दोरी वाटते. आणि इकडे गावाच्या वर माळावर तीच रेषा जमिनीत खोदून ठेवलेली आहे. चर समतल म्हणजे त्याचा तळ सगळीकडे एकाच उंचीवर, तसा नसला तर पाणी एका बाजूला पळतं आणि चर फुटतो. एवढं एक वाक्य जागेवर उभं राहून सांगितलं की समोच्च रेषा पुन्हा शिकवावी लागत नाही.

मग करायचं असं. तालुक्याला किंवा जिथं नेट मिळेल तिथं लॅपटॉपवर गुगल अर्थ प्रो उघडा, २०१५ पासून ते फुकट आहे. वर घड्याळाचं चिन्ह आहे त्यात जुनी चित्रं मिळतात. प्रत्येक गावाचं प्रत्येक वर्षाचं चित्र मिळेलच असं नाही, पण चर खोदण्याआधीचं एक आणि नंतरचं एक सापडलं तरी काम झालं. दोन्ही सेव्ह करा, पेनड्राइव्हवर घ्या आणि शाळेच्या टीव्हीवर दाखवा, तिथं नेटची गरजच नाही. डीप सीसीटी, म्हणजे हेच सलग समतल चर पण जास्त खोल, साधारण मीटरभर रुंद आणि मीटरभर खोल असतात, शेजारी काढलेल्या मातीचा बांध असतो, त्यामुळे चांगल्या चित्रात त्यांच्या ओळी दिसतात. पण दाखवताना काहीही सांगू नका हां. या ओळी कसल्या, कुठं जवळजवळ आल्यात, कुठं लांब गेल्यात, असं का असेल, हे मुलांना आधी वहीत लिहू दे. चुकीचं लिहिलं तरी राहू दे.

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी वर माळावर. बांबूच्या दोन काठ्या, एक आडवी पट्टी आणि गवंड्याचा ओळंबा, यातून ए-फ्रेम होते, गावात कुणी ना कुणी ती वॉटर कपला वापरलेली असणार, त्यांनाच बोलवा, मुलांना लावून दाखवू दे. एका गटाने ए-फ्रेमने चराचा तळ खरंच समतल आहे का बघायचं, एका गटाने दोन चरांमधलं अंतर टेपने मोजायचं, एक गट खडक-माती-झाडं लिहून घेतो, आणि तुमचा तो एकच फोन एका गटाकडे, त्यांनी प्रत्येक थांब्यावर फोटो, अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदवायची. एक फोन पुरतो, उलट एकच असला तर बाकीचे डोळे उघडे ठेवून चालतात असं माझं मत आहे.

परत आल्यावर खरी मजा. गुगल अर्थ प्रोमध्ये गावाच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत एक रेघ ओढा आणि उंचीचा आलेख काढा. मुलं बघतील की आपण ज्या ओढ्यात उतरलो, चढताना दम लागला, तो आलेखात जवळजवळ नाहीच, आणि चर तर बिलकुल नाहीत. का नाहीत हा प्रश्न त्यांच्याकडूनच यायला पाहिजे. अशा जागतिक नकाशांतली उंचीची माहिती बऱ्याच अंशी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवसांत रडारने घेतलेल्या मोजणीवरची आहे आणि तिचा एकेक चौकोन साधारण ३० मीटर गुणिले ३० मीटरचा, एका चौकोनाला एकच उंची. पाच-सात मीटर रुंदीचा ओढा त्यात विरघळून जातो. यंत्राला जे दिसलं नाही ते आपल्या पोरांनी पायाने मोजून आणलं, हे त्यांना त्या दिवशी कळतं आणि माझ्या मते डिजिटल साधन वर्गात आणण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. स्क्रीनवर बघून अंदाज बांधायचा, जागेवर जाऊन तपासायचा, आणि दोन्हीत फरक पडला तर त्या फरकावर बोलायचं.

जमलं तर गावची टोपोशीटही, म्हणजे स्थलनिर्देशक नकाशाही घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशा पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,००० ची पीडीएफ फुकट मिळते, त्यात १ सेंमी म्हणजे जमिनीवर ५०० मीटर आणि समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने. ए-थ्री प्रिंट काढून वर्गात कायमची लावून टाका. आणि शेवटचं, गावातल्या तीन-चार विहिरी ठरवा, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर महिन्याला दोरीने मोजून एक्सेलमध्ये भरा. वर्षभरात जो आलेख तयार होईल तो तुमच्या गावाचा असेल, कुठल्याही पुस्तकात तो मिळणार नाही.

प्रश्न : मुलाच्या शाळेने यंदा सहल-क्षेत्रभेट रद्द करून व्हीआर हेडसेट लावून व्हर्च्युअल फील्ड ट्रिप घेतली. मुलांना आवडली पण आम्हा पालकांना हे पटत नाहीये. आमचं चुकतंय का? (पालक, ठाणे)

उत्तर : नाही, तुमचं बरोबर आहे. पण हेडसेट वाईट असंही मी म्हणणार नाही, तो कशासाठी वापरला हे बघा. दहावीच्या २०१८ पासूनच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील असा अभ्यास आहे, आता ब्राझीलला कुठली शाळा पोरांना नेणार? तिथं स्क्रीन पाहिजेच. गुगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची चित्रं सलग बघता येतात, त्यात ब्राझीलचं रोन्डोनिया राज्य काढा. मोठा रस्ता, त्याला काटकोनात फुटलेले छोटे रस्ते आणि त्या प्रत्येकाच्या कडेने नाहीसं होत गेलेलं जंगल, माशाच्या काट्यासारखा आकार वर्षागणिक जाड होत जातो. वृक्षतोडीवरचा परिच्छेद वाचून जे होत नाही ते अर्ध्या मिनिटात होतं.

पण ठाण्यातल्या मुलांना खाडी, कांदळवन, येऊरची टेकडी हे हेडसेटमधून दाखवणं मला मान्य नाही. चिखलाचा वास, भरतीचं पाणी पायाशी येणं, मासे विकणाऱ्या मावशींना प्रश्न विचारताना होणारी चुळबुळ, हे सगळं क्षेत्रभेटीत शिकायचंच असतं. शाळेला तक्रारीच्या सुरात सांगू नका, पालक म्हणून अर्ध्या दिवसाच्या खाडीभेटीला सोबत यायला आम्ही तयार आहोत असं लिहून द्या. बऱ्याच वेळा शाळा माणसं कमी पडतात म्हणून घाबरते.

प्रश्न : अलिबागला क्षेत्रभेटीला गेलो होतो, पुस्तकातही नळदुर्ग ते अलिबाग असाच धडा आहे म्हणून मुद्दाम. किनाऱ्यावर मुलांनी जीपीएस ॲपमध्ये उंची बघितली तर उणे ६० च्या पुढे! दुसऱ्या मुलाच्या फोनवर मात्र ३ मीटर. मला उत्तर देता आलं नाही. फोन खराब का? (शिक्षिका, सांगली जिल्हा)

उत्तर : मॅडम, दोन्ही फोन ठीक आहेत. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून. समुद्रसपाटी मात्र गुळगुळीत नसते, गुरुत्वाकर्षण जिथं कमी तिथं ती खाली बसलेली असते. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर ती त्या लंबगोलाच्या १०० मीटरपेक्षाही खाली आहे, जगातला सगळ्यात खोल असा खळगा तोच. कोकण किनाऱ्यावर हा फरक साधारण ६० ते ७० मीटर पडतो. काही ॲप हा फरक वजा करून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतात, काही कच्चा आकडाच दाखवतात, म्हणून एकाच वाळूवर उभ्या असलेल्या दोन मुलांच्या फोनवर दोन आकडे. पुढच्या वेळी हे मुद्दाम करा, दोन वेगळी ॲप घेऊन पाण्याच्या कडेला उभं राहायचं आणि विचारायचं की समुद्रसपाटी म्हणजे नक्की कुठून मोजतात. आणि कुलाबा किल्ल्यात चालत जाणार असाल तर ओहोटीची वेळ आधी काढून ठेवा, परतायची वेळ तर नक्कीच, त्या बाबतीत अंदाज चालत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. गुगल मॅपवर पुण्याचा अक्षांश १८.५२ आला म्हणून मी नकाशावर १८ अंश ५२ मिनिटांवर खूण केली. सर म्हणाले चूक, पण का ते कळलं नाही. (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : अरे, खूप जणांचं हे होतं आणि मोठी माणसंही यात फसतात. एका अंशात १०० नाही तर ६० मिनिटं असतात. १८.५२ मधला .५२ हा अंशाचा भाग आहे, त्याला ६० ने गुण, ३१.२ येतात, म्हणजे १८ अंश ३१ मिनिटं. तू खूण केलीस ती २१ मिनिटं वर. अक्षांशाचं एक मिनिट साधारण १.८५ किमीचं, म्हणजे जवळपास ३९ किमीचा फरक, पुणं उचलून तू राजगुरुनगरच्या पुढे नेऊन ठेवलंस. आता आपल्या घराचा अक्षांश काढून तो मिनिटांत कर आणि टोपोशीटवर शोध, एकदा स्वतः केलंस की विसरणार नाहीस.

प्रश्न : भूमी उपयोजनाचं सर्वेक्षण मुलांकडून करून घ्यायचंय, द्राक्षबागा, कांदा, पडीक वगैरे. कागदी प्रश्नावली घेऊ का ॲप? आणि ते अक्षांश-रेखांश छापलेले फोटो आम्ही ग्रुपवर टाकतो ते चालतं ना? (शिक्षक, निफाड तालुका)

उत्तर : २५-३० घरांच्या वर जाणार असाल तर ॲप घ्या, नंतर आकडे भरत बसण्याचा त्रास वाचतो. कोबोटूलबॉक्स किंवा एपिकलेक्ट५ दोन्ही फुकट आहेत, प्रश्न मराठीत टाकता येतात, शिवारात रेंज नसली तरी माहिती फोनमध्ये साठते आणि नेटमध्ये आलं की वर जाते. फक्त प्रश्नावली आधी कागदावर पक्की करा आणि दोन शेतकऱ्यांवर वापरून बघा. तुमच्याकडे एक सोय अजून आहे, २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणी ॲपवर स्वतःच्या पिकाची नोंद करतात, म्हणजे मुलांच्या घरात हे काम आधीच चालू आहे. एखाद्या पालकाला वर्गात बोलवा, गट नंबर, पिकाखालचं क्षेत्र, बांधावर उभं राहून काढलेला फोटो, हे सगळं शासनाला का लागतं यावर त्यांना बोलू द्या.

फोटोंचं मात्र जरा जपून. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली लपलेली लोकेशनची माहिती गळून जाते, पण तुम्ही हे फोटो काढता त्या कॅमेरा ॲपमध्ये तर पत्ता आणि अक्षांश-रेखांश फोटोवरच छापलेले असतात, ते कुठेही जात नाहीत. मुलीचा चेहरा, शाळेचा ठिकाणा, तारीख, वेळ, सगळं एकाच चौकटीत, आणि तो फोटो ग्रुपवरून कुठं कुठं जातो ते आपल्या हातात राहत नाही. पिकाचा, खडकाचा, विहिरीचा फोटो असा काढा ना, मुलांचा नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे, तर वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांकडून लेखी घेऊन ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. हल्लीच्या मुलांना घरापासून शाळेपर्यंतचा साधा नकाशा हाताने काढता येत नाही, उत्तर दिशा कुठली सांगता येत नाही. हे सगळं त्या मोबाईलमुळेच ना? (रत्नागिरी)

उत्तर : सर, नमस्कार. तुमची चिंता मला अगदी मान्य आहे. फोनवरचा नकाशा आपण वळलो की आपल्याबरोबर वळतो, त्यामुळे उत्तर शोधायची वेळच येत नाही. म्हणून माझ्या वर्गात नियम होता, आधी आठवणीने हाताने नकाशा काढायचा, मगच ॲप उघडायचं आणि आपल्या नकाशावर लाल पेनने दुरुस्त्या करायच्या. कुठलं वळण विसरलो, कुठलं अंतर जास्त वाटलं, यावर मुलं खूप बोलतात, चढाचा रस्ता नेहमी लांब काढलेला असतो! दिशेसाठी साधं होकायंत्र आणि फोनमधलं दोन्ही शेजारी ठेवून बघायचं, फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर काटा भलतीकडेच जातो, आणि आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये लोहखनिज असल्याने एखाद्या खडकाला अगदी टेकवून ठेवलं तरी काटा हलू शकतो. भारताचा आराखडा शिकवताना मात्र ऑनलाइन कुठलाही नकाशा उचलू नये, सीमा चुकीच्या असतात, भारतीय सर्वेक्षण विभागाचाच घ्यावा. तुम्ही वेळ देऊ शकत असाल तर जवळच्या शाळेत महिन्यातून एक तास हाताने नकाशा काढायला शिकवाच, शाळांना अशी माणसं हवी आहेत.

प्रश्न : क्षेत्रभेट कधी ठेवावी, आणि मुलांना फोन आणू द्यावा का? (शिक्षिका, बीड जिल्हा)

उत्तर : डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरा, १४ जानेवारीच्या भूगोल दिनाला जोडून ठेवलीत तर अहवालाचं प्रदर्शनही लावता येईल. एप्रिल-मे किंवा परतीच्या पावसात जावंच लागलं तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप घ्या, आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगतं, मराठवाड्यात तर हवंच. इशारा आला की मोकळं रान आणि झाडाखालची जागा सोडून पक्क्या इमारतीत जायचं, तेव्हा निरीक्षण वगैरे काही नाही. फोन गटाला एक, विमान मोडवर, जीपीएस तेवढं चालू, बॅटरीही टिकते. आणि एक फोन पूर्ण चार्ज करून तुमच्या पर्समध्ये, तो कुणालाही द्यायचा नाही.