विटाळ म्हणजे पाप का?

प्रश्न: बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात पाळीतल्या बाईला ७ दिवस अशुद्ध म्हटलंय, मग त्या दिवसांत मी प्रार्थनेला बसू नये का?

उत्तर: बसा हो ताई, अगदी बिनधास्त बसा. अशुद्ध म्हणजे पापी नाही, त्याच अध्यायात वीर्यपात झालेला पुरुषही संध्याकाळपर्यंत अशुद्धच आहे (हे कुणी सांगतच नाही!). मला वाटतं मुद्दा जीवन-मरणाचा आहे, रक्तात जीव असतो असं लेवीय १७ सांगतं, ते वाहून गेलं की मरणाची आठवण, आणि मंडपात, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूत, तर जिवंत देव. आता येशूची गोष्ट सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानाचा ५वा अध्याय वाचा, १२ वर्षं रक्तस्राव असलेली बाई गर्दीत मागून येऊन येशूच्या कपड्याला शिवते, नियमाने विटाळ त्याला व्हायचा, पण झालं उलटंच, तीच बरी झाली, आणि थरथरत पाया पडली तेव्हा तो तिला सगळ्यांसमोर ‘मुली’ म्हणाला.