शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस खरंच एकाच दिवशी वारले का?

नाही. तारीख एक, दिवस वेगळे. दोघांच्याही नावापुढे २३ एप्रिल १६१६ लागते, पण स्पेनने ग्रेगोरियन कालगणना (आज आपण वापरतो ती) १५८२ मध्येच घेतली होती. इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनवरच अडून बसलं. शेक्सपिअरची तारीख नव्या गणनेत ३ मे येते. त्यात सर्व्हान्तेस बहुधा २२ लाच गेला, २३ ही दफनाची नोंद.

'आजचा दिनविशेष' छापाच्या याद्या नेमक्या इथेच फसतात. तारखा जुळवण्याआधी देश बघा. ज्युलियन तारखेत फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस मिळवायचे, पुढे फेब्रुवारी १८०० पर्यंत ११, १९०० पर्यंत १२, त्यानंतर १३. म्हणून तर रशियातली २५ ऑक्टोबर १९१७ ची 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबरला साजरी व्हायची!

जुन्या इंग्रजी कागदांत सालही तपासा, कारण तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ चा, पण तेव्हाच्या नोंदीत साल १६४८ दिसतं.

आणि हो, शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियनच. ग्रेगोरियनप्रमाणे १ मार्च.