नाव विचारलं तेव्हा

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायातली, अनोळखी पुरुषाशी रात्रभर चाललेली याकोबाची झुंज तू मनाच्या आतली झुंज म्हणून वाचलीस, ते आवडलं. पण सोबत जोडलेला तक्ता (नदी म्हणजे सुप्त मन, त्याचा थोरला भाऊ एसाव म्हणजे वासना, झुंजणारा पुरुष म्हणजे उच्च चेतना) फाडून टाक. असा तक्ता हाती आला की गोष्ट वाचायची गरजच उरत नाही.

ही वाट जुनी आहे, तेव्हा बिचकू नकोस. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलो या ज्यू तत्त्वज्ञाने याकोबाला साधक मानलं आणि त्या झुंजीत याकोबाला मिळालेल्या ‘इस्राएल’ या नव्या नावाचा अर्थ ‘देवाला पाहणारा’ असा लावला. गोष्टीत मात्र ते नाव झुंजण्यावरून पडलंय. फिलोला हवं ते दिसलं, तसं आपल्यालाही दिसतं. त्याच शहरातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन पुढे तिसऱ्या शतकात म्हणायचा की शास्त्रात जागोजागी ठेच लागेल असे दगड मुद्दाम ठेवलेत, वाचणाऱ्याने थांबून खोल शोधावं म्हणून. मला हे जास्त पटतं.

तर ठेच कुठे लागते बघ. यब्बोक नदीच्या काठी रात्रभर झटापट झाली, मांडीचा सांधा निखळला, आणि आता तो पुरुष विचारतो, ‘तुझं नाव काय?’ ही काय नाव विचारायची वेळ? पाच अध्याय मागे जा. डोळे गेलेला बाप इसहाक विचारतोय, ‘बाळा, तू कोण?’ अंगात भावाचे कपडे, हातांना नि मानेला करडांची कातडी गुंडाळलेली, आणि याकोब सांगतो, ‘मी एसाव, तुमचा थोरला.’ आशीर्वाद मिळाला तो त्या नावावर. मग मामा लाबानाकडे २० वर्षं. आता तो पुन्हा आशीर्वाद मागतोय, पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी उत्तर येतं, ‘याकोब.’ म्हणजे टाच धरणारा. लबाड, असंही ऐकू येतं त्यात. रात्रभराची सगळी ओढाताण या एका शब्दासाठी होती, असं मला वाटतं.

तेव्हा आत उतरशील त्या दिवशी ‘चेतना’ हा शब्द बाहेर ठेवून जा. आपण कुणाचे कपडे घालून काय मागून घेतलं, तेवढं आठवलं तरी पुष्कळ.

आणि नदीकाठी थांबू नकोस. त्याने त्या जागेला पनीएल म्हटलं, देवाचं मुख. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत निघाला. समोरून एसाव ४०० माणसं घेऊन आला, धावत येऊन गळ्यात पडला, दोघं रडले. तेव्हा याकोब म्हणतो, तुझं तोंड पाहणं म्हणजे देवाचं मुख पाहण्यासारखं आहे. तुझ्या तक्त्यातली ‘वासना’ ती हीच!

एक ठेच अजून मला लागते. एवढं झाल्यावर तो भावाला सांगतो, तू पुढे हो, मी हळूहळू सेईरला, तुझ्या मुलखात येतो. आणि वळतो दुसरीकडेच, सुक्कोथकडे. नवं नाव मिळालं तरी गोष्ट पुढेही त्याला बऱ्याचदा याकोबच म्हणते. त्याच्या आजोबांचं, अब्रामाचं, नाव अब्राहाम झाल्यावर असं झालं नव्हतं. तू याचं काय करशील, ते पुढच्या पत्रात लिही.