अलायनरनं वरचा जबडा रुंद होतो का?

प्रश्न : डॉक्टर, मी निपाणीची, वय 27. वरचा जबडा अरुंद आहे, हसले की दोन्ही बाजूला गालाजवळ काळी पोकळी दिसते, फोटोत तर फारच. बेळगावात एका ठिकाणी दाखवलं तर म्हणाले क्लिअर अलायनरनं जबडा रुंद होईल, तार बीर काही नको. घ्यावेत का? आणि माझा 9 वर्षांचा भाचा अगदी माझ्यासारखाच आहे, तोंड उघडं टाकून झोपतो, ताई म्हणते सगळे दुधाचे दात पडू देत मग बघू.

उत्तर : ताई, पैसे भरायच्या आधी एक नीट समजून घ्या, अलायनर म्हणजे दातांवर बसवायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, ते दात सरकवतात, हाड रुंद करत नाहीत. जिभेचं टोक टाळूवर मधोमध फिरवा, बारीक उभी रेघ लागेल, तिच्याच वर जबड्याच्या दोन भागांचा सांधा असतो. लहानपणी तो सैल असतो, पंधरा-सोळा वर्षांनंतर घट्ट होत जातो, आणि तुमच्या वयात नुसत्या प्लास्टिकच्या ट्रेनं उघडत नाही. ट्रे काय करतो तर दाढांना बाहेरच्या बाजूला कलवतो, एका ट्रेला फार तर पाव मिलीमीटर. कॉम्प्युटरवर दाखवतात तेवढं तोंडात येत नाही, त्यात मागच्या दाढा तर कमीच हलतात.

आरशासमोर दाढा चावून धरा आणि बोटानं गाल मागं ओढून बघा. वरच्या दाढा आत जिभेकडं झुकलेल्या असतील तर त्या सरळ करायला अलायनर चांगले, दोन-चार मिलीमीटर जागा मिळते, हसू भरतं. पण वरच्या दाढा खालच्यांच्या आतून बसत असतील आणि तरी बाहेरच कललेल्या असतील, तर मूळ अडचण हाडाची. तिथं आणखी कलवलं की हिरडी दातावरून मागं सरकते, मूळ उघडं पडतं, ते परत येत नाही. मग टाळूत छोटे स्क्रू बसवून किंवा सर्जरीनं रुंद करावं लागतं. केएलई किंवा मराठा मंडळच्या डेंटल कॉलेजात ऑर्थोच्या, म्हणजे दात-जबडा सरळ करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि सरळ विचारा, माझं दाताचं आहे की हाडाचं?

घेतलेच तर दिवसाचे 20-22 तास घालायचे. आपल्याकडं पाहुणा आला की चहा, प्रत्येक वेळी ट्रे काढायचा, चूळ भरायची मग परत घालायचा, गरम चहानं प्लास्टिक वाकडं होतं. मिश्रीची सवय असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा, आधी हिरड्या नीट करून घ्यायला लागतात. आणि शेवटी रात्रीचा रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा ट्रे, सोडायचा नाही, सोडला की दात परत आत येतात.

भाच्याचं मात्र अजिबात थांबवू नका, ताईला माझा हा निरोप द्या. त्याचा सांधा अजून सैल आहे, टाळूला स्क्रूचा एक्स्पांडर, म्हणजे जबडा रुंद करायचं साधन, बसवून घरीच किल्ली फिरवायची, एका वेळेला पाव मिलीमीटर. पुढच्या दोन दातांत फट पडेल, घाबरायचं नाही, सांधा उघडल्याची ती खूण आहे, नंतर ती आपोआप भरते. तोंडानं श्वास घेतोय म्हणजे नाक-घशाच्या डॉक्टरांनाही याच महिन्यात दाखवा, अडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेत का ते बघतील.