कानात शिट्टी वाजतेय, प्लग घालू की नको?

प्रश्न: डॉक्टर, मी साकीनाक्याला पत्र्याच्या गाळ्यात पॉवर प्रेसवर (पत्रा ठोकून कापायच्या मशीनवर) आहे, ११ वर्षं झाली. रात्री झोपताना कानात शिट्टीसारखं वाजत राहतं आणि बायको म्हणते टीव्हीचा आवाज केवढा करता! कानात कापूस घालतो. शेठ म्हणतो सवय होते. खरंय का?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर: दादा, सवय-बिवय काही होत नाही हो, कान मरत असतो म्हणून आवाज कमी वाटतो. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या गेल्या की परत येत नाहीत, आणि पहिला फटका ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच आवाजांना बसतो, म्हणून बोलणं ऐकू येतं पण शब्द नीट कळत नाहीत. आपल्याकडे ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण नुकसान ८५ पासूनच सुरू होतं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर समजा आवाज जास्तच आहे.

कापूस जवळपास बिनकामाचा. फोमचा प्लग घ्या, स्वच्छ हाताने बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा (बहुतेक जण नुसता टोकाला अडकवतात!). पण प्रेसखाली रबरी पॅड बसवणं, सैल पत्रे आवळणं हे शेठचं काम, ते आधी.

ऑडिओमेट्री (कानाला किती ऐकू येतं त्याची तपासणी) करून घ्याच, आदल्या दिवशी सुट्टी असेल असा दिवस बघा. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर तिथे दाखवा, आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने व्यावसायिक आजारच धरलाय.